मीटर वाचणाऱ्याने टीव्ही घेतला

एकतीस वर्षं मी आकडे वाचले,
पाणीपुरवठ्यात, दांडिया बाजार ते प्रतापनगर,
खड्ड्याशी उकिडवं बसून
काचेवरचं शेवाळ अंगठ्यानं पुसत.
आकड्यानं मला कधी फसवलं नाही.
लोकांनी फसवलं, ते वेगळं.

आणि आज रावपुऱ्यातल्या या गारेगार दुकानात
मितुल नावाचा मुलगा मला आकडे सांगतोय
आणि त्यातला एकही ओळख दाखवत नाही.
सातशे वीस म्हणजे एचडी रेडी, काका.
रेडी? कशाला तयार?
हजार ऐंशी म्हणजे फुल.
मग रेडीवाल्यात अर्धंच दिसतं का?
हर्ट्झ पन्नास, हर्ट्झ शंभर,
मागे भोकं दोन, मागे भोकं तीन,
हप्ते बिनव्याजी, वर इस्त्री फुकट.

भिंतभर चाळीस टीव्ही.
चाळीसांत एकच पोपट मान वळवतो,
एकच संत्रं चिरलं जातं, रस उडतो,
पुन्हा पोपट.
सगळेच देखणे. यात निवडायचं काय?
मी विचारलं, टिकेल ना?
काका, वॉरंटी छे ने!
मी टिकण्याचं विचारत होतो,
तो मोडल्यावरचं सांगत होता.

काल जशुभाई पंचालांकडे जाऊन आलो होतो.
आमचा एकवीस इंची त्यांनी अकरा वेळा उघडलाय,
एकदा आतून पाल निघाली, जिवंत.
म्हटलं, दुरुस्तीला सगळ्यात कमी कुठला येतो, खरं सांगा.
डागणीचा धूर फुंकत म्हणाले,
नवे तर येतच नाहीत, फणसेभाई.
बिघडत नाहीत म्हणून नाही.
पॅनल गयुं तो बधुं गयुं.
आणि रिकाम्या बाकाकडे बघत राहिले.

हे सगळं मी मितुलला सांगणार होतो,
तेवढ्यात कुमुदनं पर्स उघडली.
रुमालाच्या गाठीतून पेन ड्राइव्ह काढला.
आमच्या लग्नाची कॅसेट, भाच्यानं भरून दिलेली.
पोपट पुरे, म्हणाली. हे लाव.

मितुलनं लावलं ते सगळ्यात मोठ्यावर.
मांडवाची झालर आली, चौकोन चौकोन.
पंगत आली. जिलबी कुठली, बोटं कुठली, कळेना.
मग मुकुंद आला, तिचा धाकटा भाऊ,
बँडपुढे, पांढऱ्या सफारीत, हात वर करून,
आणि कॅमेऱ्याजवळ येता येता
त्याच्या तोंडाची फरशी झाली, फुटकी.
त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.
घरच्या टीव्हीवर तो दर दिवाळीला हसतो.

सोर्स ज खराब छे, काका,
मितुल म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं असावं,
त्यानं आवाज बारीक केला, चित्र नाही.

खराब नाही रे, कुमुद म्हणाली. लांबचा आहे.
आणि दोन पावलं मागे गेली.
अजून दोन.
मिक्सरच्या खोक्यांना पाठ टेकेपर्यंत.
इथे या, म्हणाली. इथून हसतोय.

मी गेलो. हसत होता.
मग मी खाली वाकून फरश्या मोजल्या.
दोन फुटी, सात. चौदा फूट.
आमची खोली साडेअकरा.
मितुल, जरा लहान लाव.
त्याहून लहान.
बत्तीस इंचावर मुकुंद पाच फरश्यांत आला,
दातातल्या फटीसकट.
एवढा एकच आकडा मला त्या दुकानात वाचता आला.
तोच घेतला. कंपनी कुठली ते पावतीवर असेल.

गुरुवारी अकरा ते चारमध्ये माणूस येणार होता,
शुक्रवारी आला.
जुना जशुभाईंनी नेला, पैसे नकोत म्हणाले.
दिवाण आम्ही मागच्या भिंतीला सरकवलाय.
कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं,
साड्या काढताना कुमुद हात आत घालून
चाचपून काढते.